कोकणातलं पोर पहिल्यांदा स्कीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आम्ही रत्नागिरीहून दोन मुलांना घेऊन गुलमर्गला जाऊन आलो. माझी मुलगी साडेचार वर्षांची, आणि मालवणच्या बहिणीचा मुलगा सात वर्षांचा. आल्यापासून शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मिरकरवाड्यात सुरमई कापून घेतानासुद्धा तेच ते प्रश्न विचारले गेले. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी स्की शिकवणारी नाही, मला स्वतःला अजून नीट थांबताही येत नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत काय चुकतं ते आता बऱ्यापैकी कळलंय, कारण बरंचसं आमचंच चुकलं.

किती वर्षांचं मूल नेता येतं?

बर्फात खेळायला तीन वर्षांचंही चालेल. पायात स्की घालून काही शिकायचं असेल तर चार-पाचच्या पुढे. वयापेक्षा दोन गोष्टी बघा. अनोळखी माणसाने सांगितलेलं ते पाच मिनिटं तरी ऐकतं का, आणि शू लागली की वेळेवर सांगतं का? दुसऱ्या प्रश्नाला हसू नका. तीन थर कपडे, वर खांद्यापासून पायापर्यंतचा एकसंध सूट आणि पायात प्लास्टिकचे जड बूट. हे सगळं उतरवायला पाच मिनिटं लागतात आणि साडेचार वर्षांच्या मुलाकडे तेवढा वेळ नसतो. आमचा पहिला सूट पहिल्याच तासाला धुवायला गेला.

आमच्या मुलांनी थंडी अशी पाहिलेलीच नाही. झेपेल का?

आपल्याकडे पहाटे १८ अंश झाले की कानटोप्या बाहेर येतात, हे खरं. गुलमर्गला जानेवारीत रात्री उणे ५ ते उणे १० सहज होतं, आणि दिवसाही पारा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे अंगातली ऊब लवकर निघून जाते. हे रत्नागिरीच्या पोराला लागू आहे तसंच श्रीनगरच्याही. फरक इतकाच की तिथल्या आईला पोर आत कधी घ्यायचं हे कळतं आणि आपल्याला कळत नाही. म्हणून घड्याळ लावा. पहिल्या दिवशी बाहेर सलग पाऊण तास, मग आत येऊन गरम काहीतरी, मग पुन्हा पाऊण तास. एवढं पुष्कळ झालं.

आपल्या मुलांना बर्फ माहीत असतो तो मासळीच्या खोक्यातला. भाचा टॅक्सीतून उतरला, सगळीकडे पांढरंशुभ्र पाहून गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पण मावशी, ह्येच्यात माशे खंय?"

कुठे न्यावं? गुलमर्ग, सोलंग, औली की दुबई?

शिकण्यासाठी माझं मत गुलमर्गला. उंची सुमारे २६५० मीटर. गावालगतच मोकळं, मंद उताराचं मैदान आहे आणि नवशिके तिथेच असतात. भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था १९६८ पासून इथे आहे, त्यामुळे शिकवण्याची परंपरा जुनी. हॉटेलपासून उतार चालत गाठता येतो, आणि लहान मूल बरोबर असताना याची किंमत तिथे गेल्यावर कळते.

सोलंग मनालीपासून चौदा-एक किलोमीटरवर. बर्फात लोळायला, घसरगुंडी करायला छान. पण गर्दी फार, आणि तिथे बरेच जण दहा मिनिटांसाठी स्की पायात अडकवून फोटो काढून परततात. त्या धक्काबुक्कीत लहान मूल शिकत नाही. सिमल्यापलीकडचं नारकंडा त्यामानाने शांत आहे.

औलीचे उतार सुरेख आहेत, पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरचा डोंगरातला रस्ता. आंबा घाटात दोनदा ओकणारं पोर असेल तर विचार करा. शिवाय जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. मुलं दहा-बारा वर्षांची झाली की औली.

दुबईचा प्रश्न खेड-दापोलीकडून हमखास येतो, कारण तिकडच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. चाचा किंवा मामा तिथे असेल तर जरूर करा. २००५पासून मॉलच्या आत चालू असलेला बंदिस्त उतार आहे, सर्वांत लांब वाट ४०० मीटरची, तापमान शून्याच्या जरासं खाली. उंचीचा त्रास नाही, वारा नाही, बर्फ पडेल की नाही ही धाकधूक नाही. डोंगरही नाही, पण चार वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. ते वाटतं आपल्याला.

कधी जावं?

बर्फाच्या हिशेबाने जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याची थंडी. पण त्या चाळीस दिवसांतही बर्फ पडेलच असं आता राहिलेलं नाही. जानेवारी २०२४मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गची मैदानं उघडी पडली होती. २०२५मध्ये खेलो इंडियाचे गुलमर्गमधले हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत जाणं म्हणजे जुगार.

आपली अडचण वेगळीच. बागायतदाराच्या घरात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे मोहर, तुडतुडे आणि फवारण्या. घरातला कर्ता माणूस तेव्हा हलत नाही, आणि मार्चला आंबा उतरवायची घाई. आमच्याकडे म्हणून दोघी बहिणी आणि भावोजी गेलो, आमचे हे बागेत राहिले. बालवाडी-पहिलीतल्या मुलाची आठवडाभर शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. चौथीतल्याची बुडवताना बाईंना आधी भेटा.

जायचं कसं?

मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. सिंधुदुर्गातल्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्ली आणि पुढे श्रीनगर हे सोयीचं पडतं. श्रीनगरची विमानं बर्फ आणि धुक्यामुळे रद्द होतात, तेव्हा परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत लग्न आहे असं गणित मांडू नका.

रेल्वेनेही जाता येतं. मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून कटरा, आणि जून २०२५पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत. वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो, आणि तो उभारण्याचं काम कोकण रेल्वे महामंडळाकडे होतं. आपल्या पानवळच्या पुलाचं कौतुक ऐकत वाढलेल्या भावोजींना हे इतकं भारी वाटलं की त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर चार वर्षांच्या मुलाला घेऊन इतका प्रवास नको. आम्ही तो फक्त जाताना केला.

श्रीनगर ते गुलमर्ग पन्नास-एक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर, तंगमर्गच्या पुढे, चढ आणि बर्फ. तिथे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही. निदान एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

कपडे विकत घ्यायचे की भाड्याने?

अंगाला लागतं ते विकत, वरचं भाड्याने. आतला थर लोकरीचा किंवा घाम शोषून न धरणारा थर्मल. सुती बनियन-पायजमा नको. सुती कापड घामाने ओलं झालं की तसंच ओलं राहतं आणि अंग गार पडतं. पावसात भिजलेला शाळेचा शर्ट आठवा. मधे फ्लीसचं जाकीट. सर्वांत वर पाणी न शिरणारा सूट.

तंगमर्गला रस्त्याकडेला लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. मोठ्यांना ते ठीक आहेत. लहान मापाचे मिळणं नशिबावर, आणि आदल्या गिऱ्हाइकाचा ओलावा त्यात असतोच. आम्ही मुलांचे सूट मुंबईहून नेले.

हातमोजे चार बोटं एकत्र असलेले घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड्या हव्यात, कारण पहिली जोडी दुपारपर्यंत चिंब होते. त्यांना नाडी शिवून ती बाह्यांतून ओवा, आजी ओवायची तशी. मफलर नको. तो उतारावर ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये किंवा स्कीत अडकू शकतो. गळ्याला नळीसारखी पट्टी मिळते ती घाला.

बुटांबद्दल सगळे इतकं का बोलतात?

कारण सगळं तिथेच ठरतं. आमची सर्वांत मोठी चूकही तीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाड्याच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने मुलीच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि एक जोडी पुढे केली. ढिली वाटली. मी म्हटलं, काही नाही, मोज्यांची दुसरी जोडी घालू, ऊबही राहील. इथेच घात झाला. दोन मोज्यांच्या मध्ये वळी पडते, ती नडगीवर आणि घोट्यावर रुतते. शिवाय दोन मोजे कोंबल्याने पायातलं रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. अर्ध्या तासात ती रडायला लागली. आम्हाला वाटलं घाबरली. संध्याकाळी मोजे काढले तर नडगीवर लाल पट्टा, आणि घोट्यापाशी थर्मलची शिवण जशीच्या तशी उमटलेली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकाने स्वतः बूट निवडले. त्याची रीत लक्षात ठेवा. बुटाच्या आतलं मऊ अस्तर बाहेर काढायचं आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात मुलाचा पाय ठेवायचा. बोटं पुढे टेकली की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा, म्हणजे साधारण एक जाड बोट. जास्त असेल तर बूट मोठा. मग अस्तर परत घालून, एकच पातळ लांब मोजा घालून बूट चढवायचा. थर्मलची विजार बुटाच्या वर संपली पाहिजे, आत फक्त मोजा. बकल लावल्यावर मुलाला गुडघे पुढे वाकवायला सांगा. नडगी पुढच्या बाजूला टेकली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून घरूनच पट्टीने पाय मोजून न्या. आपल्या चपलांचा नंबर तिथे उपयोगाचा नाही.

एवढं करायला वीस मिनिटं लागतात. दुकानदार घाई करेल. करू दे.

स्की केवढ्या? काठ्या? हेल्मेट?

स्की उभी धरली तर मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत यावी. लांब स्की वळवता येत नाही. "वाढत्या अंगाची" इथे चालत नाही. काठ्या नकोतच, लहान मुलं त्यांच्याशी तलवारबाजी करतात.

बूट स्कीला जिथे अडकतो त्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय मुरगळण्याआधी तिने बूट सोडला पाहिजे. किती जोर आला की सोडायचं, त्याचा आकडा त्यावर असतो आणि तो वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी यांवरून बसवतात. पाच वर्षांच्या मुलाला तो एकच्या आसपास असतो. दुकानदाराला मुलाचं वजन सांगा आणि त्याने स्क्रू फिरवलेला डोळ्यांनी बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिला तर पकड सुटतच नाही.

हेल्मेटवर चर्चा नाही. आणि ते कानटोपीवर घालायचं नसतं. फार तर पातळ टोपी आत.

घरी काही तयारी करता येते का?

भरपूर, आणि फुकट. फरशीवर मोजे घालून घसरायला द्या. त्यातच समोसा शिकवा: पायांचे अंगठे जवळ, टाचा लांब. स्कीवर वेग कमी करायचा पहिला उपाय हाच. जगभर याला पिझ्झा म्हणतात, आमच्याकडे समोसा. आणि सरळ जायचं तेव्हा दोन शेवग्याच्या शेंगा, शेजारी शेजारी. मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

हेल्मेट आणि मोठा चष्मा घालून टीव्ही बघू द्या, म्हणजे तिथे जाऊन "टोचतंय" होत नाही. हातमोजे घालून डबा उघडायचा खेळ करा. माझ्या मुलीने तर तेच घालून भाकरीचा तुकडा मोडून दाखवला. भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूच्या चढावर आडवं चालायला लावलं होतं, एक पाय वर एक पाय खाली, खेकड्यासारखं. उतारावर स्की घालून चढताना अगदी हीच चाल लागते. तिथे शिक्षकाने "आडवं चढ" म्हणायच्या आत भाचा "कुर्ल्यासारखा!" म्हणून सुटला.

शिक्षक हवाच का? आपण शिकवलं तर?

हवाच. आपल्याला येत असलं तरी हवा, आणि येत नसेल तर बोलायलाच नको. आई-बापासमोर मूल रडतं, शिक्षकासमोर प्रयत्न करतं. पर्यटन खात्याकडे नोंद असलेला शिक्षक घ्या, ओळखपत्र बघा, आणि त्याने याआधी इतक्या लहान मुलांना शिकवलंय का ते विचारा. दोन मुलांमागे एक शिक्षक इतकंच ठेवा.

भाषेचा मुद्दा कुणी सांगत नाही. माझ्या मुलीची हिंदी कार्टूनपुरती. पहिल्या दिवशी "घुटने मोडो" तिला कळेना, ती काय मोडायचं म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. मग आम्ही शिक्षकालाच तीन शब्द शिकवले: थांब, वाक, हळू. दुसऱ्या दिवशी फिरन, म्हणजे काश्मिरी सैल लांब अंगरखा, घातलेला तो उंच माणूस उतारावर उलटा पळत "थांब गं! वाक, वाक!" ओरडत होता, आणि पोरगी खिदळत वाकत होती.

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं?

स्की होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. पहिली पंधरा मिनिटं नुसते बूट घालून सपाट बर्फावर चालणं. मग एका पायात एकच स्की आणि दुसऱ्या पायाने ढकलत जाणं. मग दोन्ही. मग एक अगदी बुटका उतार, आपल्या अंगणाला पाणी जायला ठेवतात तेवढा. वर शिक्षक, खाली आई. दहा-बारा फूट. मूल येतं, थांबत नाही, आईला धडकतं. पुन्हा वर. हे तीस वेळा.

वर नेणं हेच खरं काम. नवशिक्यांच्या उतारावर ओढून नेणारी लिफ्ट असली तरी इतक्या लहान मुलाला ती पहिल्या दिवशी जमत नाही. उचलून न्यावं लागतं, आणि २६५० मीटरवर सोळा किलोचं पोर आणि त्याच्या स्की घेऊन वीस पावलं चढलं की आपलीच धाप निघते. शिक्षक मात्र एका काखेत तिला, दुसऱ्या काखेत स्की घेऊन शीळ घालत जायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा स्वतःहून थांबली. समोसा केला, बर्फ करकरला आणि माझ्यापासून दोन हात अलीकडे उभी राहिली. तिलाच विश्वास बसेना, पायांकडे बघत राहिली. मग लगेच विचारलं, "आता मॅगी?"

पडलं तर?

पडणारच. पहिल्या तासात मुद्दाम पडायला शिकवतात: बाजूला, कुल्ल्यावर, हात मागे न टेकता. उठायची युक्ती म्हणजे दोन्ही स्की आधी उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या, नाहीतर उठता उठता त्या घसरून जातात. धावत जाऊन उचलू नका. गुडघ्याला दुखतंय, पाय टेकवत नाही असं झालं तर मात्र बूट काढायची घाई न करता शिक्षकाला हाक मारा. विमा घेणार असाल तर साहसी खेळ त्यात धरलेत का ते नीट वाचा. पुष्कळ पॉलिसींत नसतात.

बोटं गारठली तर? कांगडी वापरावी का?

बोटाचं, नाकाचं किंवा कानाचं टोक पांढरं पडलं आणि तिथे कळत नाहीसं झालं की लगेच आत. बोटं स्वतःच्या काखेत किंवा पोटाशी धरून गरम करा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. शेकोटीवर किंवा कांगडीवर धरू नका, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. आत आल्यावरही रंग परत आला नाही तर डॉक्टर. मूल थरथरतंय, पेंगतंय, बोलणं जड झालंय, ही आणखी वरची पायरी, तिथे वाट बघायची नाही.

कांगडी म्हणजे विणलेल्या टोपलीतलं निखाऱ्याचं मडकं. काश्मिरी माणूस ती फिरनच्या आत घेऊन जन्मभर वावरतो. आपल्याला ती सवय नाही आणि आपली मुलं स्थिर नाहीत. खोलीत ती पेटती ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपणं तर जिवावरचं, कोळशाचा विषारी वायू कोंडतो. हॉटेलात विजेची ऊबदार गादी मिळते, ती मागा. मुलं झोपली की बंद करा.

उंचीचा त्रास होतो का?

होऊ शकतो. अडीच हजार मीटरच्या वर तो सुरू होतो. तुलनेसाठी, कळसूबाई १६४६ मीटर आणि श्रीनगर शहरच जवळजवळ १५८५. म्हणजे विमानातून उतरलात की कळसूबाईच्या डोक्यावर, आणि गुलमर्ग त्याहून हजार मीटर वर. आपण समुद्रसपाटीवरून जाणार. म्हणून श्रीनगरला निदान एक रात्र काढा, दोन काढल्या तर उत्तम.

मोठा माणूस "डोकं दुखतंय" म्हणतो. लहान मूल म्हणत नाही. ते किरकिरतं, जेवत नाही, ओकतं, रात्री झोपत नाही. प्रवासाचा शीण समजून आपण ते सोडून देतो. असं दिसलं तर त्या दिवशी उतार नाही, आराम आणि पाणी. वाढलं तर खाली उतरायचं, हाच खरा उपाय. दमा असलेल्या मुलाला गार कोरड्या हवेने त्रास होतो, तेव्हा निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि पंप आतल्या खिशात ठेवा.

गोंडोलात, म्हणजे तिथल्या रोपवेत, न्यावं का?

पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगदूरीला, सुमारे ३०८० मीटर, त्रास नसेल तर न्या. पुढचा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला जवळजवळ ३९५० मीटरवर जातो. लहान मुलांना तिथे नेऊ नये असं मला वाटतं, मग कितीही म्हणोत "एवढे आलोय तर". तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

ऊन कुठे असतं तिथे? क्रीम कशाला?

आपल्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू अतिनील किरण साधारण १५ टक्के परत फेकते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली क्रीम लावा. डोळ्यांना मोठा चष्मा ढगाळ दिवशीही हवा. न घालता दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी थांबत नाही. भावोजींनी हा प्रयोग करून पाहिलाय.

खायचं काय?

तिथलं मुख्य अन्न भात, त्यामुळे आपली मुलं उपाशी राहत नाहीत. काश्मिरीत शिजलेल्या भाताला "बत्त" म्हणतात, हे ऐकून भाच्याला अर्धं काश्मिरी आल्यासारखं वाटलं. राजमा-भात, हाक नावाची पालेभाजी, सकाळी कांदुराच्या, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याच्या, भट्टीतली गरम रोटी. गुलाबी नून चहा खारट असतो. मुलांना न सांगता द्या, चेहरा बघण्यासारखा होतो. मासेही मिळतात, मुळ्याबरोबर किंवा कमळाच्या देठांबरोबर शिजवलेले. आमच्या मालवणकराने एक घास घेतला, म्हणाला "खोबरा नाय," आणि ताट सरकवलं.

घरून मेतकूट, डिंकाचे लाडू, भाजलेले काजूगर आणि आंबापोळी न्या. आंबापोळीचे बोटभर तुकडे करून सुटाच्या खिशात ठेवले होते. थंडीत ती कडक होते पण तोंडात विरघळते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून थर्मासमधलं कोमट पाणी दर अर्ध्या तासाने पाजायचं.

सुरक्षित आहे का?

यात दोन प्रश्न आहेत. पहिला डोंगराचा. नवशिक्यांचं मैदान सोडून कुठेही जायचं नाही. "त्या झाडांच्या मागे मोकळा बर्फ आहे, चला" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. हिमस्खलनं त्या न मळलेल्या उतारांवरच होतात. आपण दर सुट्टीत गणपतीपुळ्याला, गुहागरला घाटावरच्या पाहुण्यांना ओरडतो ना, ओहोटीला आत जाऊ नका, पोराला कडेवर घेऊन लाटेत उभे राहू नका म्हणून? आणि ते हसून आत जातात ना? गुलमर्गला ते पाहुणे म्हणजे आपण. आपल्या पोराला समुद्राची ओळख आपण कशी करून दिली ते आठवा: भरती-ओहोटी बघून, आधी नुसती पावलं भिजवून, मग गुडघ्यापर्यंत, शेजारी पाणी ओळखणारं कुणीतरी ठेवून. बर्फालाही तेच. तिथल्या माणसाने "आज नको" म्हटलं की आज नको.

दुसरा प्रश्न आपण सगळे हळू आवाजात विचारतो. एप्रिल २०२५मध्ये पहलगामला जे झालं त्यात महाराष्ट्रातलीही माणसं गेली. आम्ही जायचं ठरवलं, पण सासूबाई परत येईपर्यंत धड जेवल्या नाहीत. निघण्याच्या आठवड्यातल्या सरकारी सूचना बघा. मन तयार नसेल तर नारकंडा आहे, दुबई आहे. भीती पोटात घेऊन मुलांना नेऊ नका.

तिथे गेल्यावर मूल "मला नाही करायचं" म्हणालं तर?

करू नका. पैसे भरलेत म्हणून उतारावर उभं केलेलं पोर काहीही शिकत नाही. घसरगाडीवर बसवा, बर्फाचा गणपती करा. भाच्याने एक अख्खी सकाळ उंदीर करण्यात घालवली, शेपटीला नारळाची काथी मिळेना म्हणून माझी बुटाची नाडी गेली. दुपारी स्वतःच विचारत आला, शिक्षक कुठे आहेत म्हणून.

खर्च किती?

दर वर्षी बदलतो, म्हणून आकडा देत नाही. सर्वांत मोठा भाग विमानाचा आणि हॉटेलचा, स्कीचा त्यामानाने कमी. भाव ठरवताना स्की, बूट, हेल्मेट, शिक्षक आणि लिफ्ट हे सगळं धरून किती, दिवसाचं की तासाचं, ते एकदाच विचारा. गाडीतून उतरताच घसरगाडीवाले गराडा घालतात. त्यांचं पोट त्या तीन महिन्यांवर आहे, आपल्या होडीवाल्यांसारखंच. हसून "उद्या" म्हणा, आणि उद्या खरंच एकाला बोलवा.

परत आल्यावर त्या कपड्यांचं काय?

पुढच्या वर्षी मापाला होणार नाहीत, आणि आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेली लोकर बुरशीने जाते. चष्म्याच्या आतल्या फोमलाही बुरशी धरते. सौम्य साबणाने धुऊन, एप्रिलच्या उन्हात दोन दिवस खणखणीत वाळवून, कापूर घालून हवाबंद डब्यात ठेवा. त्याहून बरं म्हणजे ओळखीत देऊन टाका. आमचा भाच्याचा सूट चिपळूणला गेला, फ्लीस कुडाळला. पाच वर्षांच्या हाताला होतील असे हातमोजे अजून माझ्याकडे आहेत, लाल, नाडी ओवलेले. उजव्या अंगठ्याला आंबापोळीचा डाग आहे तेवढा.